साहेबांनी दिलेला पाय

पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता आणि बटाटा अजून जमिनीत होता. या दोन गोष्टी एका वेळी आल्या की आमच्या गावात माणसं एकमेकांशी धड बोलत नाहीत. जो तो आपापल्या रानात वाकलेला. बटाटा ओल्या मातीत फार दिवस राहिला की आधी त्याला डाग पडतो, मग बोट लावलं की बोट आत जातं, आणि मग जो वास सुटतो तो घरात अंथरुणापर्यंत येतो.

हवालदार आणि हवालदारीण त्यांच्या उताराच्या तुकड्यात काढणीला लागले होते. हवालदार हे काही त्याचं नाव नव्हे. पण फौजेतून परत आल्यावर त्याला दुसऱ्या नावानं कोणी हाक मारली नाही, आणि तो हवालदार म्हणून ती हवालदारीण. तिला हे बिरुद कधीच आवडलं नाही, पण तिला विचारतो कोण. तो चार दातांचं फावडं मातीत खुपसायचा, वरंबा उलथायचा, आणि ती मागून वाकून बटाटे वेचत टोपली भरायची. लग्नापासून हे असंच चाललं होतं. गड्यामाणसांची टंचाई आम्हाला होती, त्यांना नव्हती, कारण त्यांनी कधी गडी लावलाच नाही.

हवालदाराचा डावा पाय सुरुंगात गेला होता. गुडघ्याखाली वीतभर उरलेला, त्याच्या पुढे नकली पाय. फावड्यावर तो याच पायानं जोर द्यायचा. भुसभुशीत मातीत नकली पायावर उभं राहिलं तर तोल जातो, म्हणून उभं राहायचं खऱ्यावर आणि दाब द्यायचा खोट्यानं. दिसायला सोपं. पण प्रत्येक दाबाला उरलेला पाय त्या नकली पायाच्या खोबणीत खाली आदळतो. पाय नवा होता तेव्हा खोबण घट्ट बसायची. आता आतला पाय वाळून बारीक झाला होता आणि खोबणीत चिंध्या कोंबून कोंबून हवालदार दिवस काढत होता.

त्या दिवशी दुपारी तो वरंब्याच्या मध्येच थांबला. फावडं मातीत, हात दांड्यावर, आणि तोंड भलतीकडे.

"काय झालं?" हवालदारीण म्हणाली.

"काही नाही. दगड लागला."

"दगड लागला तर फावडं वाजतं. बसा खाली."

तो बसला नाही. तिनंच त्याला खांद्याला धरून टोपलीवर बसवलं आणि पाय ओढून काढला. चिंध्या लाल झाल्या होत्या. खालचा मोजा कातडीला चिकटला होता; तो सोडवताना हवालदारानं दात आवळले. जखम जुनी होती. म्हणजे त्यानं ती बरेच दिवस लपवली होती. तिनं पदरानं पाय पुसला आणि वरंब्याकडे पाहिलं. अर्ध्याहून जास्त रान बाकी होतं.

हा पाय कुठून आला ते आमच्या गावात कुणालाही विचारा. खासदार पहिल्यांदा निवडून आले तेव्हा शाळेच्या मैदानात मोठा कार्यक्रम झाला होता, आणि एखादी ढाल द्यावी तसा त्यांनी तो पाय दोन्ही हातांनी हवालदाराला दिला होता. त्याचा फोटो हवालदाराच्या घरात दारासमोरच लावलेला. त्यानंतर दर निवडणुकीला हवालदार वर्दी घालून स्टेजवर जायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवायचा आणि माइकवर सांगायचा की आज मी उभा आहे तो साहेबांमुळे. आम्ही टाळ्या वाजवायचो. हवालदाराची आई तर रोज संध्याकाळी तो पाय फडक्यानं पुसून उंच फळीवर ठेवायची. नातीनं लहानपणी एकदा खेळायला घेतला तर म्हातारीनं तिच्या पाठीत धपाटा घातला होता.

दुसऱ्या दिवशी काढणी टाकून ते शहरात गेले. पूर्वी तिथे फौजींचा वेगळा दवाखाना होता. आता त्या इमारतीत कुणाच्या तरी मंडपाच्या खुर्च्या रचलेल्या होत्या. सरकारी इस्पितळात एका कोपऱ्यात फौजींसाठी एक खोली होती, तिथली डॉक्टरीण वयानं त्यांच्या सासरी गेलेल्या लेकीएवढी. तिनं जखम बघितली, दाबली, वास घेतला.

"हा पाय आता घालायचा नाही," ती म्हणाली. "जखम आत उतरतेय. असंच चालू ठेवलंत तर वरून कापावा लागेल. गुडघा जाईल."

"काढणी चालू आहे," हवालदार म्हणाला.

"गुडघा असला तर माणूस नव्या पायावर पुन्हा चालतो. गुडघा गेला की तुमच्या वयात फार कमी चालतात. पुढच्या खिडकीवर जा आणि नव्या पायाचं विचारा."

खिडकीवरचा कारकून वाईट नव्हता. आमची माणसं परत येऊन सांगतात तसा तो वसकन अंगावर आला नाही. त्यानं विचारलं, "जुना पाय कुणाकडून केलेला?"

"साहेबांनी दिलाय. खासदारांनी."

"ते वाटपाला आले असतील हो. पाय निधीतून मिळतो. लढाईत जखमी झालेल्या प्रत्येकाला मिळायचा, आणि दर पाच वर्षांनी बदलून मिळायचा. तुम्ही बदलायला आला नाहीत?"

हवालदार जरा ताठ झाला. "एकदा दिलं ना त्यांनी. देणाऱ्याला परत परत काय मागायचं?"

कारकुनानं मान वर करून त्याच्याकडे नीट बघितलं. मग हवालदारिणीकडे. "आता ते बंद झालं," तो हळू म्हणाला. "मागच्या अधिवेशनात निधी नामंजूर झाला. जुन्या लोकांना आता मिळत नाही. तेव्हाच आला असता तर..." आणि पुढचं त्यानं गिळलं.

परतीच्या बसमध्ये हवालदारीण खिडकीशी बसली होती. काचेतून पाणी गळून तिची मांडी भिजत होती, ती सरकली नाही. गाव जवळ आल्यावर म्हणाली, "दोनदा बदलून झाला असता आत्तापर्यंत. तुमच्या हक्काचा होता. आणि तुम्ही लाजत बसलात."

"मला काय माहीत."

"विचारलंत कुणाला?"

त्यानं कुणाला विचारलं नव्हतं. असा माणूस होता तो. फौजेत दिलेलं घ्यायचं, नसेल ते मागायचं नाही, ही सवय त्याच्या हाडात गेली होती, आणि घरी आल्यावर ती काढून कुठे ठेवायची हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

घरी न जाता हवालदारीण सरळ वायरलेसच्या दारात गेली. मागून हवालदार काठी टेकत. वायरलेस म्हणजे गावातला दुसरा फौजी. तिकडे बिनतारी संदेशाचं काम करायचा म्हणून वायरलेस. त्याचे दोन्ही पाय शाबूत, पण छाती गेलेली. छावणीतला कचरा, तेल, टायर, सगळं एका खड्ड्यात टाकून जाळायचे आणि तो धूर वाऱ्यानं थेट त्याच्या तंबूत. दहा पावलं चालला की तो भिंत धरायचा. म्हणून दिवसभर खाटेवर पडून रेडिओ ऐकायचा, आणि त्यातही गाणी नाहीत, सभागृहाचं कामकाज. राजधानीत कुणी शिंकलं तर वायरलेसला कळतं, असं आम्ही म्हणायचो आणि हसायचो. तोही हसायचा, मग खोकायचा.

"भाऊजी," हवालदारीण म्हणाली, "पायांचा निधी बंद झाला तेव्हा आपले साहेब काय म्हणाले?"

वायरलेसनं रेडिओ बारीक केला. हवालदाराकडे बघितलं. "सांगू का?"

"सांग ना. मी कुठे नको म्हणतोय?"

"नावं पुकारून मतदान झालं. एकेकाचं नाव घेतात, तो हो किंवा नाही म्हणतो. साहेबांचं नाव आलं. बोलायच्या आधी ते घसा खाकरतात, तुला माहीत आहे. खाकरले आणि नाही म्हणाले."

"ऐकण्यात चूक झाली असेल. खरखर असते."

"माझं सगळं गेलंय हवालदार, कान नाही गेले." वायरलेस उशीला टेकला. दम घेतला. "दवाखान्याच्या वेळी नाही म्हणाले. पायांच्या वेळी नाही. धुरानं छाती गेलेल्यांना उपचार द्यायचा ठराव आला, त्या दिवशी मी सकाळपासून कानाला लावून बसलो होतो. तेव्हाही नाही."

"आणि तू मला बोलला नाहीस?"

"तू त्यांच्या शेजारी उभा राहतोस दर वेळी. तुझ्या तोंडावर काय बोलू? आणि बोललो असतो तर ऐकलं असतंस?"

हवालदाराला वाईट वाटलं त्यापेक्षा राग जास्त आला, आणि तो साहेबांवर नव्हता, वायरलेसवर होता. हे त्याचं त्यालाही कळत होतं. तो उठला आणि काठी टेकत चालू लागला.

नंतरचे दिवस त्यांनी कसे काढले ते आम्ही बांधावरून बघत होतो. हवालदारानं नकली पाय काढून ठेवला. गुडघ्यांना पोत्याचे तुकडे बांधून तो वरंब्यात रांगत बटाटे वेचायचा आणि फावडं हवालदारिणीच्या हातात. पंचेचाळिशी ओलांडलेली बाई. चिखलात उभी राहून दांड्यावर सगळं अंग टाकायची, वरंबा उलथला की दोन्ही हातांनी कंबर धरायची, आणि परत. तळहाताला फोड आले, फुटले, त्यावर तिनं चिंधी गुंडाळली. संध्याकाळी म्हातारी पडवीत बसून चांगले बटाटे एकीकडे आणि नासके एकीकडे करायची, आणि नासक्यांचा ढीग रोज मोठा होत होता. आमचंही काही वेगळं चाललं नव्हतं, म्हणून कोणी मदतीला गेलं नाही. हे सांगायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं.

पाय मात्र म्हातारीनं पुसून फळीवर ठेवायचं सोडलं नव्हतं. हवालदारिणीनं तिला शहरातलं सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "एवढा मोठा माणूस आहे. त्याच्या मागे दहा व्याप असतील."

मग पक्षाचा पोरगेला माणूस आला, पांढऱ्या कपड्यांना चिखल लागू नये म्हणून बांधावरच थांबला आणि तिथून ओरडून बोलला. "काका, शनिवारी सभा आहे. साहेब स्वतः येतायत. वर्दी, पदकं. आणि पँट जरा वर दुमडा, म्हणजे पाय मागच्यांना दिसेल."

"त्यांना पाय घालता येत नाही," हवालदारीण म्हणाली. "जखम आहे."

"दहा मिनिटांपुरता घालू द्या हो काकू. तेवढ्यानं काय होतंय."

तो गेल्यावर हवालदार चिखलात गुडघ्यांवरच बसून राहिला. हातातला बटाटा त्यानं नासका आहे की चांगला ते न बघताच टोपलीत टाकला.

"जा तुम्ही," ती म्हणाली.

"जाऊ?"

"जा आणि विचारा. नाही का म्हणालात, एवढंच विचारा."

"सगळ्या माणसांसमोर?"

"हात सगळ्या माणसांसमोरच जोडलेत ना इतकी वर्षं?"

शनिवारी पावसानं थोडी उसंत दिली होती. मैदानात गाव आणि शेजारची गावं जमली होती. हवालदार वर्दीत आला. कपडे अंगावर सैल झाले होते. पाय घातलेला होता, पँट दुमडलेली होती, आणि चेहऱ्यावर घाम होता. वायरलेसलाही कोणीतरी सायकलच्या कॅरियरवर बसवून आणलं होतं. तो खांबाला टेकून एका बाजूला बसला. खासदार आले, हार झाले, आणि त्यांनी हवालदाराला मिठीच मारली. नंतर हवालदाराला माइकसमोर आणलं. नेहमीप्रमाणे तो या टोकापासून त्या टोकाला चालला. आम्ही टाळ्या वाजवल्या. कसा चालला ते आम्ही बघितलं, तरीही वाजवल्या.

माइकशी येऊन त्यानं दांडा घट्ट धरला. मग म्हणाला, "साहेब, पायांच्या निधीचं मतदान झालं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. दवाखान्याला नाही म्हणालात. ज्यांची छाती धुरानं गेली त्यांना नाही म्हणालात. का, ते मला कळलं नाही. म्हणून विचारतो."

मागच्या काही जणांनी याच्यावरही टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं दर वेळचंच भाषण आहे. पुढचे मात्र गप्प झाले आणि ती शांतता पसरत मागे गेली. पक्षाचा माणूस माइककडे सरकला, त्याला खासदारांनी हातानंच थांबवलं. मोठा माणूस मोठा होतो तो उगीच नाही. त्यांनी घसा खाकरला.

"खरं आहे," ते म्हणाले. "मी नाही म्हणालो. लपवणार नाही. त्या ठरावांत बाकीचा खर्च एवढा घुसडला होता की हो म्हटलं असतं तर तुमच्याच मुलांच्या ताटातलं गेलं असतं. माझा विरोध खर्चाला होता, माझ्या जवानांना नाही." त्यांनी हवालदाराच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि आपल्या हवालदाराला पाय द्यायला मला सरकारी निधी कशाला लागतो? या आठवड्यात नवा पाय येईल. उत्तम प्रतीचा. माझ्याकडून. सांगा हवालदार, घेणार ना?"

टाळ्यांनी मैदान दणाणलं. हवालदार माइकसमोर उभा. त्यानं खांबाशी बसलेल्या वायरलेसकडे पाहिलं. वायरलेस जमिनीकडे बघत होता.

"मी माझ्या एकट्याचं विचारलं नव्हतं साहेब," हवालदार म्हणाला.

खासदार हसत थांबले. त्यांना घाई नव्हती. ते थांबले म्हणून सगळेच थांबले, आणि हवालदाराला पुढचं वाक्य सुचेना. बोलायचं ते बोलून झालं होतं. दुमडलेल्या पँटीखालून नकली पायाच्या कडेनं रक्ताची एक ओळ खाली आली होती. पुढच्या रांगेतल्यांना ती दिसली.

"घेतील ते."

बायकांच्या बाजूनं आवाज आला. हवालदारीण उभी राहिली होती. तळहाताची चिंधी तिनं तशीच ठेवलेली. "घेतील," ती परत म्हणाली, जरा मोठ्यानं, आणि खाली बसली. यानंतर जो टाळ्यांचा कडकडाट झाला तसा त्या निवडणुकीत दुसरा झाला नाही.

घरी जाताना हवालदार तिच्या खांद्यावर भार टाकून चालत होता.

"तूच म्हणालीस विचारा," तो म्हणाला.

"विचारलंत. त्यांनी सांगितलं. आता ते उत्तर मी चुलीवर चढवू?" तिचा आवाज चिरकला. "मला आवडलं असं वाटतं का तुम्हाला? तुमचा गुडघा गेला तर रान मी एकटी ओढू? तुमची आई मी एकटी बघू? तुम्ही नको म्हणून मोठे झाला असता आणि मी रांगले असते."

ती खरं बोलत होती. तिनं डोळे पुसले तेव्हा चिंधीचा चिखल गालाला लागला.

पाय आला. शब्दाला पक्के निघाले खासदार. शहरातून माणूस येऊन मापं घेऊन गेला, जखम भरेपर्यंत डॉक्टरिणीनं थांबवलं, आणि मतदानाच्या आधी फोटोसकट पाय मिळाला. हलका होता. कातडी घासत नव्हती. घोट्यात वाकायचा. निम्मा बटाटा हाती लागला, निम्मा रानातच गेला. खासदार निवडून आले आणि आधीपेक्षा जास्त मतांनी आले. त्यात आमचीही मतं होती.

हवालदार वायरलेसकडे जायचं टाळत होता. शेवटी एका दुपारी गेला. वायरलेस खाटेवर दोन उशा पाठीशी घेऊन बसला होता. आडवं झालं की त्याला श्वास येत नव्हता आता. ओठ काळसर दिसत होते.

"बसला का नीट?" त्यानं पायाकडे बघून विचारलं.

"बसला."

"दुखतो?"

"नाही."

"चांगलं झालं. वहिनी बरोबर बोलल्या. त्यांच्या जागी मी असतो तरी तेच बोललो असतो." मग त्याला खोकला आला आणि तो संपेपर्यंत हवालदार पाण्याचा तांब्या धरून उभा राहिला. "तुझं एक बरं होतं बघ," वायरलेस म्हणाला. "पाय हातात धरून देता येतो. फोटो निघतो. माझी छाती कोण आणून देणार स्टेजवर? ती ठरावातूनच यायची होती."

हवालदार त्याला काहीतरी सांगायला आला होता. पुढच्या वेळी मी स्टेजवर जाणार नाही, असं काहीसं. ते आता बोलून उपयोग नव्हता आणि वायरलेसला पुढची वेळ नव्हती, हे दोघांनाही दिसत होतं. थोडा वेळ बसून तो निघाला. पूर्वी उठताना तो भिंतीला हात लावायचा. आज सरळ उठला, आणि वायरलेस ते बघत होता.

तो दाराबाहेर पडल्यावर आत वायरलेसचा खोकला परत सुरू झाला. गल्ली लांब होती आणि तो आवाज पाठीमागून येत राहिला. हवालदार भरभर चालू लागला. आता त्याला भरभर चालता येत होतं.